टोचनाचे पन्नास किलोमीटर

गाडीच्या विम्याची मुदत संपत आली की एजंटचा फोन येतो. आयडीव्ही किती धरायची, नो क्लेम बोनस किती बसतो, झीरो डेप हवं का, हे सगळं विचारून झालं की शेवटी घाईघाईत एक प्रश्न येतो : "आरएसए पण टाकून देतो ना साहेब? थोडेसेच पैसे आहेत." कुणी ‘टाका’ म्हणतं, कुणी ‘राहू दे, कधी लागलंच नाही’ म्हणतं. दोन्ही उत्तरं अर्ध्या मिनिटात दिली जातात, कारण रक्कम लहान असते. विम्याला जोडून घेतलं तर काही शे रुपये आणि स्वतंत्र योजना घेतली तर साधारण हजारापासून पुढे. त्याच्या बदल्यात काय मिळतं, हे मात्र गाडी बंद पडल्यावरच कळतं, आणि तेव्हा कागद वाचायला उशीर झालेला असतो.

आरएसए म्हणजे रोडसाइड असिस्टन्स. गाडी वाटेत बंद पडली तर फोन करायचा. बॅटरी उतरली असेल तर जंप स्टार्ट, पंक्चर असेल तर स्टेपनी बदलून देणं, किल्ली आत राहिली तर दार उघडून देणं, इंधन संपलं तर पाचेक लिटर आणून देणं (इंधनाचे पैसे बहुधा आपलेच) आणि यातलं काहीच चाललं नाही तर गाडी उचलून गॅरेजला नेणं. ही यादी सगळीकडे सारखीच असते. या लेखाला खरी आस्था आहे ती शेवटच्या कलमाची, कारण आधीच्या चार गोष्टींना पर्याय सापडतो. रात्री अकरा वाजता गाडी उचलून नेणारा माणूस मात्र सहजी सापडत नाही.

एक मोठा गैरसमज आधी दूर करायला हवा. "माझा फर्स्ट पार्टी आहे, म्हणजे सगळं कव्हर आहे" असं मानणारे अनेक आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे सक्तीचा आहे तो फक्त थर्ड पार्टी विमा. त्याच्यावर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भर घातली की लोक त्याला फर्स्ट पार्टी म्हणतात. पण खासगी गाड्यांच्या प्रमाणित पॉलिसीत यांत्रिक किंवा विजेचा बिघाड स्पष्ट शब्दांत वगळलेला असतो. गाडी ठोकली गेली, पेटली, चोरीला गेली, पुरात सापडली तर पॉलिसी उभी राहते. क्लच प्लेट जळाली, अल्टरनेटर गेला, फॅन बेल्ट तुटला तर तिचा काही संबंध नसतो. टायरचंही तसंच. अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचे पैसे मिळतात, तेही बदलण्याच्या खर्चाच्या निम्मे. आणि अपघातानंतर गाडी जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणी हलवण्यासाठी या प्रमाणित पॉलिसीत धरलेली रक्कम आहे १५०० रुपये. भर रस्त्यात मागवलेल्या क्रेनवाल्याशी ज्यानं एकदा भाव केला आहे, त्याला हा आकडा किती तोकडा आहे ते सांगावं लागणार नाही.

मग इतकी वर्षं लोकांचं कसं निभावलं? मोटारवाल्यांनी एकत्र येऊन मदतीची सोय करण्याची कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. ब्रिटनमध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन १९०५ साली स्थापन झाली, जर्मनीतली एडीएसी १९०३ ची. एडीएसीच्या सभासदांची संख्या आज दोन कोटींच्या वर आहे आणि तिच्या पिवळ्या गाड्यांमधल्या मेकॅनिकांना तिथे ‘पिवळे देवदूत’ म्हणतात. मुंबईतही वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून आहे. पण आपल्याकडे अशी सभासदत्वाची चळवळ घरोघरी पोचली नाही, कारण तिची गरज वेगळ्या माणसानं भागवली. तो माणूस म्हणजे रस्त्याकडेचा मेस्त्री.

कसारा घाटाच्या पायथ्याला, महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात, कराडच्या आसपास, कुठेही टायर लटकवलेला आणि चुन्यानं ‘पंक्चर’ लिहिलेली पाटी असलेला ठेला दिसायचा, आजही दिसतो. रेडिएटर तापला तर घागरभर पाणी, पट्टा तुटला तर तात्पुरता जुगाड, ‘सेल्फ’ अडकला तर स्टार्टरवर पान्याचा एक ठोका. आणि काहीच चाललं नाही तर ट्रकवाला दोर लावून टोचन करून पुढच्या गावापर्यंत सोडायचा. या माणसांनी महाराष्ट्रातल्या किती संसारांना अपरात्री घरी पोचवलं याचा हिशेब कुठेच लिहिलेला नाही. त्यांच्याबद्दल कृतज्ञता बाळगूनच हेही सांगायला हवं, की दोन बदलांनी हा आधार कमी होत चालला आहे.

पहिला बदल रस्त्याचा. जुन्या महामार्गाला गावं, ढाबे, गॅरेजं लागून असतात. प्रवेश नियंत्रित असलेल्या द्रुतगती मार्गावर दोन्ही बाजूंना कुंपण असतं आणि ठरावीक इंटरचेंज सोडले तर उतरायची सोयच नसते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, आणि दोन्ही टोकांना महानगरं, म्हणून तिथे हे फारसं जाणवलं नाही. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला तेव्हा वाटेत पेट्रोल पंप आणि स्वच्छतागृहंसुद्धा अपुरी होती. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. काँक्रीटचा रस्ता, विदर्भातलं ऊन, ताशी शंभरच्या वर तासन्‌तास पळणारं चाक आणि त्यात हवा कमी असलेला किंवा झिजलेला टायर, एवढं जमून आलं की काय होतं ते या मार्गानं सुरुवातीच्या वर्षांत अनेकदा दाखवलं.

२९ डिसेंबर २०२४ च्या रात्रीचा प्रसंग तर प्रत्येक गाडीवाल्यानं लक्षात ठेवावा असा आहे. वाशीम जिल्ह्यात मालेगाव ते वनोजा टोलनाका या पट्ट्यात रस्त्यावर पडलेल्या लोखंडी पत्र्यावरून एकामागोमाग एक गाड्या गेल्या आणि पन्नासहून अधिक वाहनांचे टायर पंक्चर झाले. थंडीच्या रात्री माणसं बायकामुलांसह बराच वेळ अडकून पडली. सप्टेंबर २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ पुन्हा काही गाड्यांचे टायर गेले. तिथे भेगा बुजवण्याच्या कामासाठी रस्त्यात धातूची नोझल बसवलेली होती, असा खुलासा रस्ते विकास महामंडळाने केला.

या दोन्ही प्रसंगांत योजनेच्या मर्यादा नेमक्या दिसतात. गाडीत स्टेपनी असते एक. दोन टायर एकदम गेले तर ‘स्टेपनी बदलून देऊ’ हे कलम निरुपयोगी ठरतं, आणि गाडी उचलूनच न्यावी लागते. शिवाय एकाच जागी पन्नास गाड्या अडकल्या तर त्या पट्ट्यात क्रेन किती असणार? हप्ता भरलेला आणि न भरलेला, दोघंही त्या रात्री शेजारी शेजारी उभे राहणार. योजना घेण्याआधी हे वास्तव माहीत असलेलं बरं.

दुसरा बदल गाडीचा. जुनी मॅन्युअल गाडी चौघांनी धक्का मारून दुसऱ्या गिअरवर चालू व्हायची. ऑटोमॅटिक गाडी तशी चालू होत नाही. सेन्सर गेला, इंजिनाच्या संगणकानं गाडी ‘लिंप मोड’मध्ये टाकली, तर रस्त्याकडेचा हुशार मेस्त्रीही स्कॅनरशिवाय काय करणार? त्यात २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. गाडीत टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी देण्याचं बंधन राहिलं नाही. आज कित्येक विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या डिकीत पाचवं चाक नसतंच. खिळा घुसला असेल तर किट चालतं, पण टायरची कड फाटली तर किटचा उपयोग शून्य.

गाडी उचलण्याची कृती जवळून पाहिली की फरक कळतो. ऑटोमॅटिक गाडी, बॅटरी पूर्ण उतरलेली. रिमोट चालत नाही, म्हणून किल्लीच्या पोटातली छोटी धातूची किल्ली काढून दार उघडायचं. गिअर ‘पी’मध्ये अडकलेला, कारण तो सोडवायला वीज लागते. दांड्याशेजारी एक बोटाएवढी टोपी असते, ती स्क्रूड्रायव्हरनं उचकटून आतलं बटण दाबलं की गाडी न्यूट्रलला येते. हँडब्रेक बटणाचा असेल तर तोही विजेशिवाय सुटत नाही, म्हणून आधी बाहेरून करंट द्यावा लागतो. मग बंपरवरचं चौकोनी झाकण काढायचं, डिकीतल्या जॅक-पान्याजवळ ठेवलेला हुक आणून तिथल्या आट्यांत फिरवून घट्ट बसवायचा, आणि फ्लॅटबेडच्या, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकच्या, विंचची तार त्याला अडकवायची. तार ताणली जाते, गाडी इंचाइंचानं उतरणीच्या फळीवर चढते, चाकांना पट्टे आवळले जातात. जाणत्या माणसाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. अजाणता माणूस हायड्रा क्रेन आणतो, पुढच्या बाजूला पट्टा घालून गाडी लटकवतो आणि बंपर मोडतो. विजेवरची, चारही चाकांना ताकद जाणारी आणि बहुतेक ऑटोमॅटिक गाडी फ्लॅटबेडवरच न्यावी लागते, कारण फिरणारी चाकं जमिनीवर टेकवून ओढली तर मोटार किंवा गिअरबॉक्स बिघडतो. म्हणून योजनेत नुसतं ‘टोइंग’ लिहिलंय की ‘फ्लॅटबेड’, हा शब्द शोधून पाहावा. त्या एका शब्दावर लाखाचा गिअरबॉक्स अवलंबून असू शकतो.

आता किलोमीटर. बहुतेक योजनांत फुकट टोइंगला मर्यादा असते. कुठे पंचवीस, कुठे पन्नास, महागड्या योजनेत शंभर किंवा अधिक. त्यापुढे दर किलोमीटरला पैसे. काही योजना दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंतचं अंतर धरतात, तर काहींमध्ये क्रेन आपल्या तळावरून निघाली तिथपासून मोजणी सुरू होते. पुण्याच्या माणसाला पन्नास किलोमीटर भरपूर आहेत. लोणावळ्याला गाडी बंद पडली तरी कंपनीचं अधिकृत वर्कशॉप त्याच्या टप्प्यात येतं. तेच पन्नास किलोमीटर मेहकरजवळ समृद्धीवर अडकलेल्या माणसाला कुठे नेतात? छत्रपती संभाजीनगर तिथून शंभर किलोमीटरहून लांब आहे. भामरागडच्या माणसाला जिल्ह्याचं गाव गाठायलाच दीडशेहून अधिक किलोमीटर जावं लागतं. हप्ता मात्र पुण्याला आणि भामरागडला सारखाच.

या विषयातला सगळ्यात टोचणारा भाग हाच आहे. जिथे मेकॅनिक घरी येतो, बॅटरीचं दुकान दारात नवी बॅटरी बसवून जातं, तिथे योजनेची माणसंही लवकर पोचतात. जिथे काहीच मिळत नाही, तिथे योजनेलाही पोचायला वेळ लागतो आणि फुकटचं अंतर अर्ध्यात संपतं. म्हणून शहरातल्या शहरात फिरणाऱ्यानं स्वतंत्र योजनेवर दरवर्षी पैसे घालण्याची गरज नाही, असं हा लेख स्पष्टपणे म्हणतो. आणि महिन्यातून एकदा विदर्भ-मराठवाड्याच्या लांब पल्ल्याला जाणाऱ्यानं स्वस्तातली, पंचवीस किलोमीटरची योजना घेऊन स्वतःची समजूत घालू नये. घ्यायचीच तर जास्त किलोमीटरची घ्यावी, नाहीतर ते पैसे टायरांवर खर्च करावेत.

हिशेब मांडून पाहू. समजा, योजना वर्षाला हजार रुपयांची. पाच वर्षांचे झाले पाच हजार. पाच वर्षांत दोनदा बॅटरी उतरली आणि एकदा पंक्चर झालं, एवढंच घडलं, तर शहरात हे काम काही शे रुपयांच्या पटीत होतं. जंप स्टार्ट करणारी छोटी पॉवर बँक आणि बारा व्होल्टचा हवा भरायचा पंप हे दोन्ही काही हजारांत एकदाच घेता येतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. एडीएसीच्या वार्षिक आकडेवारीत गाडी बंद पडण्याच्या कारणांत बॅटरी वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर आहे, अलीकडे तर तिचा वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक. तिथली थंडी वेगळी, आपलं ऊन वेगळं, पण उन्हानंही बॅटरी लवकर थकते. तीन-चार वर्षांची झालेली बॅटरी लांबच्या प्रवासाआधी तपासून घेतली तर निम्मी डोकेदुखी घरीच संपते. उलट, त्याच पाच वर्षांत एकदा जरी गाडी शंभर किलोमीटरवरून फ्लॅटबेडवर आणावी लागली, तर योजना पूर्ण वसूल होते.

पैसे देण्याआधी आणखी एक काम : आपल्याकडे ही सोय आधीच आहे का, ते पाहणं. बहुतेक कंपन्या नव्या गाडीबरोबर पहिली काही वर्षं रोडसाइड असिस्टन्स देतात. वाढीव वॉरंटी घेतली तर बऱ्याचदा तिच्याबरोबर ती मुदत वाढते. वरच्या श्रेणीच्या काही क्रेडिट कार्डांवरही ती असते. अशा गाडीवर एजंटच्या सांगण्यावरून विम्यातही आरएसए टाकली तर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे जातात. विम्यातून ही मदत घेतल्यावर नो क्लेम बोनस जाईल, या भीतीनं काही जण फोनच करत नाहीत. सहसा हा दावा धरला जात नाही आणि बोनसला हात लागत नाही. पॉलिसीतलं वाक्य एकदा वाचून खात्री करून घ्यावी, म्हणजे ऐन वेळी हात थबकणार नाही.

आणि टोल? राष्ट्रीय महामार्गावर टोल घेणाऱ्या कंत्राटदारावर गस्तीची गाडी, रुग्णवाहिका आणि क्रेन ठेवण्याची जबाबदारी करारानंच असते. १०३३ हा त्यासाठीचा क्रमांक. ही क्रेन मुख्यतः रस्ता मोकळा करण्यासाठी असते. ती गाडी बाजूला, सुरक्षित जागी नेऊन सोडते, आपल्या आवडत्या वर्कशॉपला नाही. पण भर लेनमध्ये गाडी बंद पडली असेल तेव्हा हीच मदत सर्वांत मोलाची, आणि तिचे पैसे आपण टोलमधून आधीच भरलेले असतात. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर शासन सुविधा केंद्रं उभारतं, क्रेन आणि रुग्णवाहिका सज्ज ठेवतं. चाकरमान्यांना जे आठवडाभर मिळतं ते इतर महामार्गांवर वर्षभर का मिळू नये, हा प्रश्न कुणीतरी लावून धरायला हवा.

फोन केल्यावर येतं कोण, हेही समजून घ्यावं. कार्डावर विमा कंपनीचं किंवा गाडीच्या कंपनीचं नाव असलं तरी फोन बहुधा मदत पुरवणाऱ्या वेगळ्याच संस्थेकडे जातो. युरोप असिस्टन्स, मायटीव्हीएस, रेडीअसिस्ट ही या क्षेत्रातली नावं. ती संस्था पुढे त्या भागातल्या क्रेनवाल्याला काम देते. म्हणजे योजना चांगली की वाईट, हे त्या तालुक्यातल्या क्रेनवाल्यावर ठरतं. त्यामुळे जाहिरातीपेक्षा ओळखीतल्या दोन-तीन माणसांना ‘आपल्या भागात किती वेळात आले?’ असं विचारणं जास्त उपयोगाचं. योजना घेण्याआधी त्यांच्या ग्राहक सेवेला फोन करून आपल्या नेहमीच्या रस्त्याचं नाव घ्यावं. आंबोली घाट, कुंभार्ली घाट, सिरोंचा. ‘तिथे फ्लॅटबेड येईल का, आणि कुठून येईल?’ उत्तर देताना समोरचा अडखळला तर तेही एक उत्तरच आहे. ताम्हिणीसारख्या घाटात तर बऱ्याच जागी मोबाइलला रेंजच नसते, तिथे कोणतंही कार्ड खिशात असून फोनच लागत नाही.

जुन्या गाडीचा पेच वेगळा. दहा-बारा वर्षांच्या गाडीची किंमत उतरते, मालक फर्स्ट पार्टी सोडून नुसता थर्ड पार्टी विमा ठेवतो. आरएसए सहसा स्वतःच्या नुकसानीच्या विम्यालाच जोडलेली असते, त्यामुळे तीही सुटते. कंपनीची मुदत केव्हाच संपलेली असते. स्वतंत्र योजनांपैकी कित्येकांत गाडीच्या वयाची अट असते. म्हणजे गाडी बंद पडण्याची शक्यता वाढू लागते त्याच वयात एकेक छत्र निघून जातं. अशा गाडीवाल्यानं वयाची अट नसलेली स्वतंत्र योजना मुद्दाम शोधावी. जुनी गाडी घेऊन, म्हाताऱ्या आईवडिलांना सोबत घेऊन गावाकडे जाणाऱ्या माणसासाठी हजार-दीड हजार रुपये जास्त नाहीत. त्यात मेकॅनिकपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे अपरात्री फोन उचलणारं आणि तो पुढे लावून धरणारं कुणीतरी असतं.

गाडी बंद पडण्यापेक्षा जास्त धोका असतो तो त्यानंतर थांबण्यात. द्रुतगती मार्गावर कडेला उभ्या असलेल्या गाडीला मागून येणारी गाडी धडकल्याच्या बातम्या सतत येतात. योजनेचा माणूस तासाभरात येवो की दोन तासांत, तोवरची सुरक्षितता ती योजना देत नाही. म्हणून फोनचा क्रम महत्त्वाचा. आधी रस्त्याच्या मदतवाहिनीला : राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग रस्ते विकास महामंडळाचे, त्यांच्या मदतवाहिन्यांचे क्रमांक निघण्यापूर्वीच फोनमध्ये साठवून ठेवावेत. गस्तीची गाडी येऊन मागे शंकू लावते, दिवा फिरवते. तोवर गाडीचे चारही इंडिकेटर चालू, लाल त्रिकोण बराच मागे, आणि सगळी माणसं गाडीतून उतरून कठड्यापलीकडे, लहान मुलांचा हात धरून. योजनेला फोन त्यानंतर. दोन्ही फोनवर पहिला प्रश्न एकच येतो, "नेमके कुठे आहात?" द्रुतगती मार्गावर ‘शिर्डीच्या पुढे’ या उत्तराचा उपयोग होत नाही. दुभाजकाजवळच्या पाटीवरचा किलोमीटरचा आकडा वाचायचा, आणि नागपूर वाहिनीवर आहोत की मुंबई वाहिनीवर, ते सांगायचं. चुकीची वाहिनी सांगितली तर क्रेन समोरच्या बाजूनं निघून जाते आणि वळायला तिला पुढचा इंटरचेंज गाठावा लागतो.